कुंकवाचे बोट

लग्नाच्या आमंत्रणाच्या पाकिटावर कुंकवाचे बोट उमटलेले असते. त्याला वजन असे काही नाही. पण ते दिसले, की पाकीट फोडण्यापूर्वीच घरात गडबड सुरू होते. प्रयोगशाळेत मी ज्या प्रतिपिंडांच्या सहवासात दिवस घालवतो, त्यांचे काम अशीच बोटे ओळखण्याचे.

आपल्या पेशींतही निरोप फिरत असतात. ‘एर्क’ नावाचे एक प्रथिन पेशीला वाढण्याचा हुकूम पोचवते. एरवी ते निजलेले असते. अंगावर ठराविक दोन जागी फॉस्फेटचा ठिपका लागला, की जागे होते. हायड्रोजनचा अणू १ धरला, तर या प्रथिनाचा भार सुमारे ४२,००० आणि एका ठिपक्याचा अवघा ८०! ठिपक्याची ही करामत सिअ‍ॅटलच्या एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ साली स्नायूंतल्या एका प्रथिनात हेरली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला मात्र १९९२ साल उजाडले.

प्रथिनाचा ठिपक्यासकट एक तुकडा बनवून सशाला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्यांतली बिनठिपक्याच्या तुकड्यालाही चिकटणारी, तांदळातल्या खड्यांसारखी वेगळी काढतात. उरतात ती चोखंदळ.

पण त्यांचे नखरे फार! पेशी फोडताच त्यांच्यातलीच काही प्रथिने ठिपके पुसू लागतात. म्हणून सारे बर्फावर करायचे. प्रतिपिंडे भलतीकडे चिकटू नयेत म्हणून प्रथिने उतरवलेला पापुद्रा एरवी दुधात भिजवतात. इथे दूध टाळलेले बरे, कारण दुधातल्या केसीनच्या अंगावरही फॉस्फेटचे ठिपके असतात. हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडे दुधालासुद्धा सोवळंओवळं आहे म्हणायचं!”

हे सोवळे उगाच नाही. कित्येक कर्करोगांत एर्कला झोप अशी नसतेच. ‘वाढा, वाढा’ हा घोष अखंड चालतो. नवे औषध पेशींना दिले, की मी दोन पट्ट्या शेजारीशेजारी ठेवतो. एक सांगते, एर्क किती आहे. दुसरी सांगते, त्यातले जागे किती. पहिली तशीच राहून दुसरी फिकी झाली, तर औषधाने घोष थांबवला. दोन्ही फिक्या झाल्या, तर आनंद आवरता घ्यायचा. घरातली माणसेच कमी झाली, तर जागी माणसे कमी दिसणारच.

अशा फिक्या पट्टीपासून रोग्याच्या उशापर्यंतची वाट फार लांबची. पण तिचे पहिले पाऊल एका ठिपक्याएवढेच असते.