मालेगावजवळ

पुण्यात खोली शोधत होतो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव. नामपूर कुणाला माहीत नसायचं. बागलाण तालुका, मोसम नदी, कांदा, डाळिंब, सगळं सांगून झालं की मी शेवटी म्हणायचो, मालेगावजवळ. तिथंच बोलणं आटपायचं. सप्टेंबर 2006 चे बॉम्बस्फोट लोकांच्या डोक्यात ताजे होते. त्या शुक्रवारी मेले ते नमाजाला आलेले मालेगावकरच. पकडलेल्या मुसलमानांना 2016 मध्ये विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं. पण यंत्रमागांच्या त्या शहरावर बसलेला शिक्का पुसला गेला नाही, आणि तासाभराच्या अंतरावरचा मीही त्यातून सुटलो नाही.

गावी आलो की तेच उलट बाजूनं ऐकू यायचं. ‘त्या लोकं तशाच ऱ्हातस.’ हे अहिराणी वाक्य मी पारावर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. कधी मालेगावच्या मुसलमानांबद्दल, कधी डोंगराकडच्या भिल्ल-कोकणांबद्दल, कधी पालं ठोकून राहणाऱ्या भटक्यांबद्दल. बोलणारी माणसं दुष्ट नव्हती; अडीअडचणीला धावून येणारी होती. मग असं का? मला वाटतं, एका माणसाला ओळखायला वेळ लागतो, वर्षं लागतात. जमातीला ओळखायला एक शब्द पुरतो. आणि तो शब्द आपण आपल्यांना लावत नाही. आमच्याकडं एक व्यापारी शेतकऱ्यांचे कांद्याचे पैसे बुडवून गेला, तेव्हा सगळे म्हणाले, ‘तो तसलाच निघाला.’ तो. एकटा. त्याच्या भाऊबंदांना कुणी बोल लावला नाही, आणि ते बरोबरच होतं. तोच न्याय दुसऱ्यांच्या वाट्याला का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

1 जुलै 2018 ला त्या प्रश्नाची धार कळली. आमच्या तालुक्याला लागूनच धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. तिथल्या राईनपाडा या आदिवासी गावात रविवारचा आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचलेली. जमावानं पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. त्या पाचांना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी ते कोण आहेत हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं नवीनच सुरू झालं: ‘आदिवासी असलेच, रागीट.’ पाच निरपराध माणसं ज्या सवयीनं मारली गेली, त्याच सवयीनं आता अख्खा पाडा गुन्हेगार ठरत होता. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा व्हावी, कडक व्हावी. पण नावानिशी व्हावी.

आणि त्याच रविवारी रात्री मालेगावात, आझादनगर भागात, तीच अफवा दुसऱ्या एका कुटुंबावर आली. सोबत लहान मूल होतं. शेकडोंचा जमाव जमला. तिथल्या रहिवाशांनी त्यांना घरात घेऊन दार लावलं, पोलीस आले, जमावाचा मार त्यांनीही झेलला, पण माणसं वाचली. ज्या शहराचं नाव ऐकून मला खोली नाकारली जायची, त्या शहरातल्या लोकांनी परक्यांना घरात घेतलं होतं. ही बातमी मी नामपुरात जो भेटेल त्याला सांगत सुटलो. बहुतेकांनी ऐकून घेतली. एक म्हणाला, ‘असतात काही चांगले.’ त्याच्याशी मी त्या दिवशी भांडलो, खूप भांडलो.

पुढं एकदा एक वयस्कर गोसावी आमच्या दारात आले. डमरू वाजवण्याआधी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं आधारकार्ड काढून पुढं धरलं. मी म्हटलं, ‘बाबा, ठेवा ते. गाव कोणतं?’ मंगळवेढ्याजवळचं एक गाव त्यांनी सांगितलं. ओट्यावर आमचा शेजारी बसला होता, ‘त्या लोकं’ म्हणणाऱ्यांपैकीच. त्यानं विचारलं, तिकडं यंदा ज्वारी कशी आहे? मग दोघं पावसावर बोलत बसले, आणि मी चहा टाकायला आत गेलो.