कोल्हापूरला जाताय? चप्पल आधी पालथी करून बघा

सुट्टीचं तिकीट काढलं रे काढलं की मैत्रिणींच्या फर्माइशी सुरू होतात. तुमच्याकडेही असंच होत असेल. गेल्या दिवाळीत बंगळुरूहून कोल्हापूरला घरी निघाले तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये भलीमोठी यादी होती. दोघींना खणाचं ब्लाउजपीस, एकीला इरकल साडी आणि पाच जणींना चपला!

एक कबुली आधीच देते. मी कंटेंट रायटर आहे. एका ऑनलाइन विक्रेत्यासाठी 'अस्सल, हातानं बनवलेली कोल्हापुरी' असं वर्णन मी कितीतरी वेळा लिहिलंय. ती चप्पल कधी हातातही न घेता.

रात्रीची बस पहाटे तावडे हॉटेलपाशी सोडते. घरी चहा, आंघोळ, आणि अकरा वाजता आईबरोबर महाद्वार रोड. खण आणि इरकल तिथेच उरकलं. गंमत म्हणजे खण येतो गुळेदगुड्डहून, इरकल येते इलकलहून आणि दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली. म्हणजे कर्नाटकात राहणारी मी कर्नाटकातलं कापड घ्यायला कोल्हापूरला येते! पण आईच्या मते इरकल घ्यावी ती इथेच, कारण इथल्या दुकानदाराला काठ-पदर ओळखता येतो. इरकलचा लाल पदर अंगाच्या कापडाला वेगळा जोडून विणलेला असतो, त्यामुळे पदर सुरू होतो तिथला जोड हात फिरवून नक्की बघा. नुसता छापलेला पदर असेल तर सोडून द्या.

मग शिवाजी चौकाजवळची चप्पल लाइन. आईनं एक जोड उचलला, भाव विचारला. बाराशे.

"आठशेला द्या."

दुकानदारकाका चिडले नाहीत. आत त्यांची म्हातारी आई चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत बसली होती, तिच्याकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी मोबाइल काढून ऑनलाइनची चप्पल दाखवली. "काका, ही सहाशेला मिळते."

त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. "ही रेक्झिनची हाय, ताई. अस्सल म्हणून कुणी लिवलंय?"

"मी."

आई हसली. तेही हसले. "लिवा की! पर आधी पालथी करून बघा."

आणि त्यांनी खरंच आपली चप्पल पालथी करून माझ्या हातात दिली. तळाला खिळा नाही. चामड्याचे थर एकावर एक, आणि हातशिलाईचे टाके डोळ्यांना दिसणारे, थोडे कमीजास्त अंतराचे. जोडातला डावा पाय उजव्याची हुबेहूब नक्कल नव्हता. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा वास नाकाजवळ नेला की लगेच कळतो. रेक्झिनला प्लॅस्टिकचा वास येतो. कच्च्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरतो आणि तेवढाच डाग गडद होतो. रेक्झिनवरून थेंब घरंगळतो.

2019 साली कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यामुळे बेळगावकडच्या कारागिराची चप्पलही अस्सलच. 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये याच वळणाच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा संतापून पोस्ट टाकणाऱ्यांत मीही होते. पुढे कंपनीनं त्या डिझाइनचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. दुकानात उभी असताना मात्र मला माझंच वर्णन आठवत होतं. त्यात कोल्हापूरचं नाव होतं, चप्पल कोल्हापूरची नव्हती.

आईनं शेवटी पाच जोड अकराशेच्या भावानं तोडले. मला ते फारसं रुचलं नाही, पण आईपुढे बोलायची सोय नाही. तुम्ही घासाघीस करणारच असाल तर आधी वेणी कशी घातली आहे ते नीट बघा, मग आकडा बोला. आणि हो, माप पायाला किंचित घट्टच घ्या, वापरून चामडं सैलावतं. करकर वाजणारी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. घरी आणल्यावर आतून-बाहेरून खोबरेल किंवा एरंडेल चोळून रात्रभर ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी अंगठा सोलून निघेल. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नाही.

बंगळुरूला परतल्यावर त्या विक्रेत्याला मी विचारलं, तुमची चप्पल कुठे बनते? उत्तर यायला चार दिवस लागले. "कारखान्यात, सिंथेटिक मटेरियल. का?" मी 'अस्सल' आणि 'हातानं बनवलेली' हे दोन्ही शब्द काढून 'कोल्हापुरी वळणाची' असं लिहून पाठवलं. त्यांनी अजून ते मंजूर केलेलं नाही. मैत्रिणींच्या चपला मात्र पोचल्या, आणि एकीची ऑफिसभर करकर वाजते.