डी ड्राइव्हमधली माणसं

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून पाच-दहा मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण संगणक घ्यायला जाणारा कुणी ते नाव घेत नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात ते डेस्कटॉप इथे थप्प्यांनी रचलेले असतात. माझा एक जुना विद्यार्थी, सूर्यमाळच्या आश्रमशाळेत शिकलेला, नंतर मोखाड्याला कॉलेज केलेला, तिथून असाच एक डेल ऑप्टिप्लेक्स घेऊन आला. बिल नाही, गॅरंटी एक महिन्याची आणि तीही तोंडी. ग्रँट रोडहून दादर, दादरहून लगेजच्या डब्यातून कसारा, कसाऱ्याहून विहीगावावरून खोडाळ्यापर्यंत काळी-पिवळीत मांडीवर घेऊन, आणि पुढे मोटरसायकलला दोरीने बांधून तो डबा आमच्या माळावर चढला.

त्याला घरच्या पडवीत फॉर्म भरण्याचं, प्रिंट काढण्याचं काम सुरू करायचं होतं. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारची प्रिंट, यांतलं काहीही लागलं तरी आमच्याकडच्या माणसाला खोडाळ्याला नाहीतर मोखाड्याला जावं लागतं. तिथे सर्व्हर बंद असला की अख्खा रोज बुडतो, जीपचं भाडं जातं ते वेगळंच. तेव्हा पडवीतला संगणक ही चैन नव्हती. मी त्याला हिशेब करून दिला होता, त्यात फक्त संगणक जुना असल्याचा खर्च धरला नव्हता.

पहिली तक्रार आली ती इंटरनेटची. "सर, एकही साइट उघडत नाही. रेंज तर दोन काड्या दाखवतंय." मी संध्याकाळी गेलो. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की वीज गेल्याबरोबर संगणक तारीख विसरतो. आणि प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर असेल तर ब्राउझर दारातच अडवतो. रेंजचा काही दोष नव्हता. सेल खोडाळ्यात घड्याळाच्या दुकानात मिळाला. तो बसवायला डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात झुरळांची अंडी. रंगाच्या ब्रशने सगळं साफ केल्यावर पंख्याची घरघर निम्म्याने कमी झाली.

दुसरी तक्रार जागेची. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झालेली, स्कॅन केलेली फाइलसुद्धा सेव्ह होईना. पोराने त्याआधी सगळे उपाय करून पाहिले होते. आपल्याकडे संगणकाचा कोर्स केलेल्या प्रत्येकाला एक मंत्र येतो. रन उघडायचं, टेम्प लिहायचं, सगळं सिलेक्ट करून उडवायचं, मग प्रीफेच लिहायचं, तेही उडवायचं. टेम्पचं ठीक आहे. प्रीफेच पुसून जवळपास काहीच जागा मिळत नाही, उलट पुढच्या वेळी प्रोग्राम उघडायला वेळ लागतो. पण मंत्र म्हटल्यावर कोण विचारतो. त्याने 'पीसी बूस्टर' नावाचं काहीतरीही टाकून ठेवलं होतं आणि ते स्वतःच जाहिरातींची दुकानदारी करत बसलं होतं. ते आधी काढलं.

खरी जागा अडली होती दुसरीकडे. विकणाऱ्याने जुन्या विंडोजवर नवं विंडोज चढवलं होतं, त्यामुळे 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं अख्खं जुनं घर तसंच पडून होतं, वीस जीबीच्या आसपास. हे फोल्डर दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं असं म्हणतात, पण हा डबा त्या काळात बहुधा दुकानाच्या फळीवर बंद पडला होता. हायबरनेशनच्या फाइलने तीन जीबी खाल्ले होते. डेस्कटॉपला तिचा काही उपयोग नव्हता. हायबरनेशन कमांड देऊन बंद केलं आणि जुनं विंडोज डिस्क क्लीनअपमध्ये सिस्टीम फाइल्सचं बटण दाबून साफ केलं. विनएसएक्सएस नावाचं फोल्डर फुगलेलं दिसत होतं. त्याला हात लावायचा नाही, एवढं मात्र मी त्याला बजावून सांगितलं. त्यातल्या बऱ्याच फाइली दुसऱ्या जागीही मोजल्या जातात, म्हणून ते दिसतं त्यापेक्षा लहान असतं, आणि हाताने उडवलं तर विंडोज उभंच राहत नाही.

एवढं करूनही यंत्र रडतच होतं. रीसेट करायचं ठरलं. त्याआधी डी ड्राइव्ह बघून घेऊ म्हणून उघडला.

विकणाऱ्याने संगणक 'फॉरमॅट करून' दिला होता म्हणजे फक्त सी ड्राइव्हवर नवं विंडोज चढवलं होतं. डी जसाच्या तसा. फोल्डरांची नावं होती 'स्कॅन', 'स्कॅन नवीन', 'ताई लग्न', 'सोसायटी', 'पेंडिंग'. मूळ कंपनीनंतर आणि लॅमिंग्टन रोडच्या आधी हा डबा मुंबईच्या कुठल्यातरी उपनगरात कागदपत्रं करून देणाऱ्या माणसाच्या टेबलावर होता, हे दहा मिनिटांत कळलं. आधार कार्डं, पॅन कार्डं, रेशन कार्डं, भाडेकरार, पासपोर्ट साइझचे फोटो, सह्यांचे नमुने. मराठी अर्ज कृतिदेवमध्ये टाइप केलेले. आमच्याकडे तो फाँट नव्हता, त्यामुळे उघडलेल्या अर्जात रोमन अक्षरांचा नुसता काला. पण स्कॅनला फाँट लागत नाही. एका बाईंचं रेशन कार्ड उघडलं गेलं, त्यावर कुटुंबातली सगळी माणसं वयांसकट ओळीने.

"सर, हे सगळं उडवू. तीनशे जीबी मोकळं होईल," पोरगा म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती जागा होती.

मी म्हटलं, आधी मालकाला विचारू. एका लेटरहेडवर मोबाइल नंबर होता. फोन उचलला गेला. त्या गृहस्थांना आठवायलाच वेळ लागला. "तो होय? तो भंगारात दिला होता. चालतोय अजून? टाका पुसून." ज्यांचे कागद होते त्यांच्याबद्दल एक शब्दही नाही. पोराला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, पण ते बोलून काय उपयोग, म्हणून मी त्याला एक गंमत दाखवली. डीमधलं एक लहान फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडवलं, रिकव्हरीचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवलं, आणि पुसलेल्या फाइली यादीत एकेक करून परत आल्या. त्या बाईंचं रेशन कार्ड पुन्हा पडद्यावर.

"म्हणजे पुसलं ते काय?"

तलाठ्याच्या वहीतलं नाव खोडलं म्हणून शेत उखडून जात नाही, मी म्हटलं. डिलीट केल्यावर फक्त नोंद जाते. ती जागा रिकामी धरली जाते, पण त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच असतं. हे त्याला लगेच कळलं. नोंद एकीकडे, जमीन दुसरीकडे, हे आमच्या भागात शिकवावं लागत नाही.

मग रीसेटचं काम. सेटिंगमध्ये रिकव्हरीत 'रीसेट धिस पीसी' असतं. त्यात पहिला प्रश्न, तुमच्या फाइली ठेवू की सगळं काढू. सगळं काढ म्हटलं. दुसरा प्रश्न, विंडोज क्लाउडवरून आणू की इथलंच वापरू. क्लाउड म्हणजे चार जीबी उतरवायचं. दोन काड्यांच्या रेंजवर ते कधी पूर्ण झालं असतं कोण जाणे, म्हणून इथलंच. खरी मेख तिसऱ्या पडद्यावर 'चेंज सेटिंग्ज' म्हणून बारीक अक्षरात असते. नुसतं पुढे-पुढे दाबत गेलं तर रीसेट फक्त विंडोजच्या ड्राइव्हचं होतं आणि डी शाबूत राहतो. लॅमिंग्टन रोडवरही बहुधा असंच कुणीतरी पुढे-पुढे दाबलं असणार. तिथे 'सगळ्या ड्राइव्ह' आणि 'क्लीन डेटा' ही दोन्ही चालू केली की मग डिस्कवर खरोखर काहीतरी लिहून जुनं झाकलं जातं. याला तास जातात.

आणि तासन्‌तास सलग वीज मिळणं ही आमच्याकडची मोठी अट. रीसेट अर्ध्यात असताना वीज गेली तर विंडोज मागेही जात नाही आणि पुढेही. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांची. पावसाळ्यात हे काम मी करूच दिलं नसतं. सूर्यमाळवर पाऊस लागला की ढग घरात येतात, आणि एखादी फांदी तारेवर पडली की विजेची वाट बघत बसायचं. हे दिवस थंडीचे होते. भात-नाचणी-वरई घरात आलेली, पाड्यावरची निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, रात्री गिरणी बंद असल्यावर व्होल्टेजही स्थिर. त्याच्या मामांनी खोडाळ्याच्या दुकानातला इन्व्हर्टर एका रात्रीपुरता दिला. जेवणं झाल्यावर बटण दाबलं आणि शेकोटीपाशी बसलो. टक्के सरकायचे, थांबायचे, पुन्हा सरकायचे. मध्ये एकदा वीज गेलीच, इन्व्हर्टर टुंग करून चालू झाला, पोरगा उठून उभा राहिला आणि आकडा पुढे सरकल्यावरच बसला.

पहाटे यंत्र कोरं झालं. विंडोजचं लायसन मदरबोर्डशी बांधलेलं असल्यामुळे पुन्हा मागितलं गेलं नाही. विंडोज ११ मात्र ह्या डब्यावर बसत नाही, त्याला निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, हा चौथ्या पिढीचा. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता हे माहीत होतंच. लिनक्स टाकावं असं मला मनापासून वाटत होतं, पण अंगठ्याच्या यंत्राचे आणि त्याच्या जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर तिथे जुळवत बसायची त्याची तयारी नव्हती, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना माझीही नसती. मराठी कीबोर्ड जोडला. इन्स्क्रिप्ट त्याला येत नव्हता. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आहे, तो दिला. त्याने पहिला शब्द टाइप केला तो स्वतःच्या पाड्याचं नाव.

काम सुरू करताना आम्ही दोघांनी एक नियम केला. गिऱ्हाइकाचं काम झालं की त्याचे स्कॅन संध्याकाळी पुसायचे, आणि आठवड्याला एकदा रिकाम्या जागेवर सायफर कमांड फिरवायची. ही विंडोजमध्येच असते, मोकळ्या जागेवर तीनदा लिहून जुनं मिटवते. मला नियम आवडला होता. डी ड्राइव्हमधल्या बाईंचं रेशन कार्ड डोक्यातून जात नव्हतं.

तो नियम मोडला एका म्हाताऱ्या आजीने. वनहक्काच्या दाव्याचे कागद स्कॅन करायला ती आली होती. वनहक्क कायदा २००६ चा, आणि इतर पुराव्यांबरोबर दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो. तिच्याकडे पुरावा होता नवऱ्याने भरलेल्या दंडाच्या पावत्यांचा. अतिक्रमण केलं म्हणून फॉरेस्टने ठोठावलेला दंड, तोच आता ताब्याचा दाखला. घडीवर फाटलेला, शाई उडालेला, एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगलेला असायचा. स्कॅन झाल्यावर पोराने तिला प्रिंट दिली आणि नियमाप्रमाणे सांगितलं, "आजी, आता माझ्याकडचं पुसतो हां, तुमचे कागद दुसऱ्याच्या हातात जायला नको."

"पुसतो कशाला?" आजी म्हणाली. "घरी ठेवून काय करू? पावसात भिजतात, उंदीर खातात. तुझ्या डब्यात राहू दे. पोरं विचारतील तेव्हा तुझ्याकडंच पाठवीन."

पोराने माझ्याकडे बघितलं. मी डिजिलॉकरचं सांगून पाहिलं. पण ते उघडायला आधारला जोडलेला मोबाइल लागतो. आजीच्या आधारला जोडलेला नंबर नातवाच्या जुन्या सिमचा होता, ते सिम कधीच बंद पडलेलं. आणि दंडाची पावती काही डिजिलॉकरमध्ये आपणहून येत नाही, ती कुणीतरी स्कॅन करून चढवायची आणि कुणीतरी जपायची. आजीचं म्हणणं बरोबर होतं. मुंबईतल्या त्या गृहस्थांनी ठेवलं आणि विसरले. इथे ज्यांचे कागद तेच ठेवायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या दोन घरांच्या पिशव्याही घेऊन आली.

तेव्हा नियम बदलला. दाखले आणि फॉर्मचे स्कॅन पुसायचे ते पुसायचेच. पण ज्यांना ठेवायचे आहेत त्यांचं डीमध्ये घरागणिक फोल्डर, ते पासवर्ड लावून झिप केलेलं, आणि पासवर्ड कागदावर लिहून त्याच घराकडे. वहीत कुणी काय ठेवलं त्याची नोंद आणि अंगठा. हार्डडिस्क जुनी आहे, कधीही बसेल, म्हणून प्रत्येक घराला एक स्वस्त पेन ड्राइव्ह, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, कागदांबरोबर. त्याचे पैसे घ्यायचे की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं घे, फुकटची वस्तू कुणी जपत नाही. त्याने निम्मे घेतले.

पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर त्यातलंही भरवशाचं राहत नाही. म्हणून शिमग्याला भट्टीवरची माणसं गावी आली की प्रत्येकाने तो एकदा आणून संगणकाला लावून तपासून घ्यायचा, असं त्याने आत्तापासूनच सगळ्यांना सांगून ठेवलंय.