घरातली शिट्टी

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना इंजिनिअरिंगच्या पोराच्या बॅगेत तीन गोष्टी हमखास असतात. न धुतलेले कपडे, न लिहिलेली जर्नल्स आणि घरातली एखादी चांगली चालणारी वस्तू ‘सुधारण्याचा’ बेत! त्यातल्या तिसऱ्या गोष्टीची ही हकीकत.

आमचं गाव नेर. नेर परसोपंत म्हटलं की जुन्या लोकांना लगेच कळतं. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागतं. तिथं बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि वर माळ्यावर लोकांनी परत न नेलेले टीव्ही. आमच्या घरचा होम थिएटर बाबांनी स्वतः असेंबल केलेला. पाच स्पीकर, एक वूफर, आत २०३० आयसीचे बोर्ड आणि बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मर. बाहेरून दिसायला पेटीच, पण लग्नाच्या मांडवातही वाजून आलेली. उन्हाळ्यात मी त्याला ब्लूटूथचा एक बोर्ड जोडून दिला होता. मोबाइलवरची गाणी त्यावर लागायला लागली म्हणून घरात माझा भाव वधारला होता.

दिवाळीत घरी पोचलो आणि पहिल्याच रात्री कानात बारीक शिट्टी घुसली. डास कानाशी यावा तशी, पण डासापेक्षा खूप वरच्या पट्टीतली. लहान बहीण म्हणाली, “दादा, हे कधी येते, कधी जाते. मी बाबांना कितीदा सांगितलं.” बाबा शांतपणे म्हणाले, “मले तं काही आयकू येत नाई. तुमचे कान वाजत असन.”

आता सेकंड इयर पास झालेला मुलगा असं ऐकून गप्प बसेल का? अर्थिंगचा घोळ असेल तर ५० किंवा १०० हर्ट्झचा ‘गुंऽऽ’ असा जाड आवाज येतो, हे मला माहीत होतं. हा तसा नव्हता. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर पाहिलं तर बारा हजार हर्ट्झच्या जरा पुढे काटा उभा! अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, शिट्टी गेली. चालू केला, परत आली. झालं, आरोपी सापडला. मी जाहीर करून टाकलं, “बाबा, तुमचा बोर्डच ऑसिलेट होतोय. आउटपुटला रेझिस्टर-कपॅसिटर नीट लावलेले नाहीत.”

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “पंधरा वर्षं झाली, हे वाजून रायलं. आजवर कधी शिट्टी नाई मारली त्यानं.” आणि जेवायला बसले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की व्हायव्हातले एक्सटर्नल परवडले.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. रेझिस्टर होते, कपॅसिटरही होते, एकेक टाका आरशासारखा. माझ्या मिनी प्रोजेक्टचं सोल्डरिंग आठवून मी झाकण गुपचूप बंद केलं. पण शिट्टी तर येतच होती. कधी संध्याकाळी, कधी भल्या पहाटे, मधेच तासभर गायब. कोणी दाखवायला बोलवावं आणि तिनं थांबावं!

शेवटी बाबांनीच पावतीपुस्तक माझ्यापुढे टाकलं. “आवाज आला का घरात काय काय चालू हाय ते लिहून ठेव. अन् बंद झाला का तेबी लिहा.” मी आणि बहिणीनं तीन दिवस पावत्यांच्या मागे लिहिलं. पंखा, फ्रीज, मोटर, मिक्सर, शेजारचं वेल्डिंगसुद्धा. मला त्यातून काही म्हणता काही दिसलं नाही. बाबांनी चष्मा लावून पाच मिनिटांत वाचलं. “हे पाह्य. आवाज बंद झाला तवा दर वेळी कोनाचा ना कोनाचा मोबाईल चार्जिंगले लागून हाय.”

मग त्यांनी दुकानातला जुना ट्रान्झिस्टर आणला. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि रेडिओ हळूहळू पेटीभोवती फिरवला. ट्रान्सफॉर्मरजवळ फारसं काही नाही. माझ्या ब्लूटूथच्या बोर्डाला करंट देणाऱ्या दोन पिनच्या चार्जरजवळ मात्र ‘खर्रर्र’! हा आवाज त्यांना ऐकू येत होता. बहिणीनं मोबाइल त्याच चार्जरच्या दुसऱ्या पोर्टला लावला, रेडिओची खरखर बदलली आणि इकडे माझ्या कानातली शिट्टी बंद.

म्हणजे आरोपी माझ्याच बॅगेतून आला होता. हे चार्जर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, एरवी आपल्या ऐकण्याच्या पलीकडे. पण ब्लूटूथचा बोर्ड ओढतो अगदी थोडा करंट. लोड इतका कमी असला की चार्जर वीज वाचवायला थांबून थांबून झुबक्यानं पल्स सोडतो, आणि त्या झुबक्यांचा वेग माणसाला ऐकू येईल इतका खाली उतरतो. आतली कॉइल त्या तालावर थरथरते. वर तोच गोंगाट ऑडिओच्या वायरच्या ग्राउंडमधून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरत होता, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बंद केला की शिट्टी गेल्यासारखी वाटायची. चार्जरला अगदी कान लावला असता तर तिथंही बारीक ऐकू आली असती. मी लावलाच नव्हता.

बाबांनी ४७ ओहम, १ वॅटचा एक रेझिस्टर काढून चार्जरच्या ५ व्होल्टवर आडवा टाकला. “घे, फुकटचा लोड देला त्याले. झाला बंद?”

ते मला विचारत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वयाबरोबर कान आधी वरचे सूर सोडतो, हे आम्ही शिकलोय. कानातल्या ज्या पेशी उंच आवाज पकडतात, त्या आधी झिजतात. पण बाबांच्या बाबतीत मी तो विचारच केला नव्हता. लहानपणी ते डबा टीव्ही मागून उघडून चालू करायचे आणि चित्र यायच्या आधी सांगायचे, “ईएचटी बोलते, पिक्चर येईन.” ती शिट्टी १५,६२५ हर्ट्झची. आपल्याकडच्या टीव्हीत चित्राला ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, त्यांचा गुणाकार. नेरमध्ये ती बाबांसारखी कोणाला ऐकू यायची नाही.

संध्याकाळी दुकानात गेलो. कोणीतरी हौसेनं जपलेला एक डबा टीव्ही दुरुस्तीला आला होता. बाबांनी स्विच दाबला आणि हाताची मागची बाजू काचेजवळ नेली. मनगटावरचे केस उभे राहिले. हे करताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं, सवय असेल म्हणून सोडून दिलं होतं.

“बाबा, शिट्टी कधीपासून ऐकू येत नाही?”

“झाले असन आठ-दहा वर्षं,” ते म्हणाले. “तुह्या आईले नको सांगू. तो कपॅसिटर दे इकडे.”