भायखळ्याच्या तुरुंगातील होकार

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा पोटासाठी तेथे गेलेली कोकणची माणसे आगबोटींनी मालवणसारख्या बंदरांकडे परतू लागली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मुंबईतच आपली नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. सुमारे निम्मे कैदी लसीसाठी स्वेच्छेने पुढे आले. उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली.

लस उपयोगी ठरली. परंतु प्रश्न उरतो. चाकरमान्याला गावाची वाट मोकळी होती, कैद्याला कोठडीबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. मग त्याचा होकार कितपत मोकळा होता? १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छासंमतीला पहिले स्थान दिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही आज कैद्यांना विशेष संरक्षण देतात.