रात्रीचा भरलेला हंडा

नगर शहराच्या सावेडी उपनगरात राहणाऱ्या माणसावर वीज आणि पाणी यांची संकटे वेगवेगळी येत नाहीत. राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे पाणी मुळानगर व विळद येथील पंपांनी उपसून वसंत टेकडीवरील टाक्यांत आणले जाते आणि तेथून ते शहरास मिळते. त्यामुळे वादळात तिकडची वीज गेली, की इकडे दिव्यांपाठोपाठ नळही कोरडे पडतात. ही भूमी पूर्वापार दुरून आणलेल्या पाण्यावरच जगली आहे. निजामशाहीत येथील भिस्तबागेचा महाल तलावाच्या मध्यभागी उभारला गेला, तेव्हाही त्या तलावासाठी पाणी दुरूनच आणावे लागले होते. हे सर्व मला कित्येक वर्षे ठाऊक होते. परंतु त्याची तजवीज मी केली नव्हती.

चार वर्षांपूर्वी ज्येष्ठातील एका संध्याकाळी वादळ झाले आणि वीज गेली. पत्नी माहेरी पारनेरला गेलेली. घरात मी, दोन मुले आणि मधुमेहाने जर्जर झालेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. वीज येईल या भरवशावर आम्ही निजलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरची टाकी रिती झाली, मोबाइल बंद पडले, आणि आईच्या इन्सुलिनची मला आठवण झाली तेव्हा फ्रीजमधल्या बर्फाचे पाणी होऊन फरशीवर ओघळत होते. डॉक्टरांचा क्रमांक बंद पडलेल्या मोबाइलमध्ये; औषधांची चिठ्ठी कोठे आहे, हे केवळ पत्नीस माहीत. खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले असे सारे दप्तर मी जमिनीवर उलथे केले, पण जो कागद हवा होता तो काही सापडेना.

आई खाटेवरून शांतपणे म्हणाली, “अरे, घाबरा होऊ नकोस. ती बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घाल नि डबी माठात सोड.” पुढे डॉक्टरांनीही तिचा उपाय योग्य ठरवला: इन्सुलिन गोठले तर निकामी होते, उष्णतेनेही बिघडते, आणि पाझरणाऱ्या माठाच्या गारव्यात ते काही दिवस निभावते. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या त्या बाईचा एक नेम होता, की रात्री हंडा रिकामा ठेवून निजायचे नाही. नळ घरात आला तेव्हा तो नेम मीच, अनावश्यक म्हणून, मोडून टाकला होता. याचे मला आजही दुःख होते.

पत्नी परतल्यावर आम्ही पाचही जण एकत्र बसलो आणि पहिला हिशेब पाण्याचा मांडला. पिण्यास व रांधण्यास माणशी रोज चार लिटर धरले, तर तीन दिवसांचे साठ लिटर होते. तेवढे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवायचे आणि दर शनिवारी बदलायचे, असे ठरले. दस्तऐवजांची मूळ प्रत एका पिशवीत आली, नक्कल पारनेरला गेली. औषधांची यादी आणि दूरध्वनी क्रमांक स्वयंपाकघराच्या दाराआड कागदावर लिहून चिकटवले. १०८ आणि ११२ हे क्रमांक धाकट्या मुलीकडून पाठ करून घेतले. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करावा, कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी न ओतता झाकण कसे घालावे, हे मला स्वतःलाही नव्याने शिकावे लागले.

तरीही वर्षभराने दिवे गेले तेव्हा विजेरी पेटली नाही, कारण तिच्यातले सेल पाझरून गेले होते. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री मी मेन स्विच खाली ओढतो आणि अंधारात प्रत्येकाने आपापले काम करायचे. आईला पाठीमागच्या दाराने अंगणात आणण्याचे काम थोरल्या मुलाकडे आहे.

वाचकांना एवढीच विनंती आहे, की असा एक प्रयोग आपल्या घरी आज रात्रीच करावा, आणि जी वस्तू अंधारात सापडली नाही तिची जागा उद्या सकाळी ठरवावी.