मालवणहून श्रीलंका: तिकीट कधी काढावे?

मालवणच्या बंदरावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग किल्ला आणि पलीकडे नुसता समुद्र. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला गेले होते. संघमित्रेने नेलेला अनुराधपूरचा बोधिवृक्ष आपणही पाहावा, असे आपल्या माणसांना वाटते. अडते ते भाड्यापाशी.

बहुतेकांना वैशाखी पौर्णिमेलाच जायचे असते. तेव्हा मे महिन्याची सुट्टी, भाडे चढलेले. माझे मत, पौर्णिमा आपल्या विहारात करावी आणि फेब्रुवारीत निघावे. पोरांची शाळा चारसहा दिवस बुडेल, बुडू द्या.

पासपोर्ट हाती येईपर्यंत तिकीट काढू नये. आमच्या आईचे नाव मी घाईत रेशनकार्डावरून लिहिले, पासपोर्टवर वेगळे निघाले. हिशेब लिहिणाऱ्या माणसाची ही चूक! स्वस्त तिकीट रद्द केले तर हाती फारसे काही येत नाही.

मोपा विमानतळ २०२३ साली सुरू झाला, तो आपल्याला जवळ. तिथून मुंबई किंवा चेन्नईला विमान बदलायचे तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटात घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असली आणि पहिले विमान रखडले, तर पुढचे पैसे बुडतात. कुडाळहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांनी मध्ये एक मुक्काम ठेवावाच. पावसाळ्यात कोकणच्या गाड्या हळू धावतात. सामानाचे वजन घरीच करावे. सुकट न्यायचा आईचा हट्ट मात्र मला अजून मोडता आलेला नाही.